सेंद्रिय रेड वाईन हृदयाला चांगली का? बाटलीवर नेमके काय वाचायचे

"डॉक्टर, थोडी रेड वाईन हृदयाला चांगली असते ना?"

विलेपार्ल्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. पूर्वी तो हळू आवाजात, पत्नी औषधे आणायला बाहेर गेली की यायचा. आता बऱ्याचदा पत्नीच विचारते. आणि अलीकडे त्याला एक पुरवणी जोडलेली असते: "साधी नाही हो, ऑरगॅनिक आहे. नाशिकजवळ एका कुटुंबाची स्वतःची द्राक्षबाग आहे, तिथूनच आणली. केमिकल अजिबात नाही."

ती वाईन उत्तम असू शकते. बागायतदार प्रामाणिक असू शकतो. पण 'सेंद्रिय' हा शब्द द्राक्ष कसे पिकवले एवढेच सांगतो. त्या द्राक्षाचे पुढे जे झाले, म्हणजे साखरेचे अल्कोहोल, त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. तुमचे हृदय, यकृत आणि रोजच्या गोळ्या यांचा संबंध येतो तो अल्कोहोलशी. म्हणून अँजिओप्लास्टी झालेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने बाटली हातात घेतली, तर 'ऑरगॅनिक' या शब्दाच्या आधी टक्क्यांचा आकडा शोधावा. तो बहुतेक वेळा मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो.

ही समजूत आली कुठून?

फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू तुलनेने कमी दिसतात, असे निरीक्षण १९८० च्या दशकात चर्चेत आले. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाईनला दिले गेले आणि तिथे रेड वाईनची विक्री एकदम वाढली. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 'फ्रेंच पॅराडॉक्स' हे नाव तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसले.

मग द्राक्षाच्या सालीतल्या रेसव्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याची पाळी आली. रेड वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि हे द्रव्यही तिच्यात उतरते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचे चांगले परिणाम दिसले. पण प्रमाण पाहा. एक लीटर रेड वाईनमध्ये ते साधारण एक-दोन मिलिग्रॅम असते, कधी थोडे जास्त. माणसांवरच्या चाचण्यांत रोज शेकडो मिलिग्रॅम दिले गेले. तेवढे वाईनमधून मिळवायचे तर रोज शंभर लीटरच्या आसपास पिणे आले! इटलीच्या कियांती भागात, म्हणजे जिथे वाईन रोजच्या जेवणात असते अशा गावांत, ७८३ वृद्धांच्या लघवीत या द्रव्याचे अंश मोजून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांच्यात ते जास्त होते त्यांना ना हृदयविकार कमी झाला, ना कर्करोग, ना ते जास्त जगले. दरम्यान २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने जाहीर केले होते की रेसव्हेराट्रॉलवर भरपूर लिहिणाऱ्या त्यांच्याच एका संशोधकाच्या कामात १४५ ठिकाणी माहिती बनावट किंवा फेरफार केलेली आढळली. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत मात्र जुनीच बातमी फिरत राहिली.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. अनेक मोठ्या पाहण्यांत थोडी दारू पिणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला होता. ते सगळे खोटे होते का? आकडे खोटे नव्हते, तुलना चुकीची होती. 'न पिणारे' म्हणून ज्यांना मोजले त्यांत असे बरेच जण होते ज्यांनी तब्येत बिघडल्यामुळे पिणे सोडले होते. आजारी माणसे एका बाजूला जमली, तर दुसरी बाजू निरोगी दिसणारच. शिवाय जेवताना एक ग्लास वाईन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला असतो, फिरायला जातो, वेळच्या वेळी तपासण्या करतो, भाज्या-फळे खातो. श्रेय त्या सगळ्याचे, नाव वाईनचे.

हा गुंता सोडवायला संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. काही लोकांत जन्मतःच असा जनुकीय फरक असतो की त्यांना दारू सोसत नाही, त्यामुळे ते आयुष्यभर कमी पितात. २०१४ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अशांना हृदयविकार कमी आढळला. थोडी दारू संरक्षण देत असती, तर उलटे दिसायला हवे होते. आणि आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांमध्ये मद्यपानाचा संरक्षक परिणाम दिसलाच नव्हता.

वाईनमुळे 'चांगले' कोलेस्टेरॉल वाढते हे काही जण वाचून आलेले असतात. ते खरे आहे. पण औषधे देऊन हेच कोलेस्टेरॉल वाढवून पाहिले तेव्हा हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. तेव्हा रिपोर्टवरचा तो आकडा वाढला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

सेंद्रिय म्हणजे काय, आणि काय नाही

आता नाशिककडे वळू, कारण समजुतीचा दुसरा अर्धा भाग तिथला आहे. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणले आणि गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत वायनरी वाढल्या. 'सुला'ची सुरुवात त्याच्या थोडी आधीची, १९९९ ची. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेल्ली' आहे. या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों ही वाईनच्या द्राक्षांची नावे आता पार्ल्यातल्या घरांतही ऐकू येतात. पार्ल्याहून शनिवारी सकाळी निघून बाग पाहणे, वाईन चाखणे आणि रविवारी परत, अशी सहल आता नेहमीची झाली आहे. त्यात वावगे काही नाही.

द्राक्ष हे फवारणीचे पीक आहे. खरड छाटणी, गोडी छाटणी, मग भुरी आणि केवडा (डाउनी) यांची धास्ती, अवकाळी पाऊस आला की पुन्हा पंप पाठीवर. युरोपात पाठवलेली आपली द्राक्षे औषधांच्या अवशेषांमुळे नाकारली गेल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि २०१० मधला क्लोरमेक्वाटचा प्रसंग नाशिकचे बागायतदार अजून विसरलेले नाहीत. तेव्हा विषारी फवारणी टाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला रूपांतराचा तीन वर्षांचा काळ पार पाडावा लागतो, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळते. त्या काळात उत्पन्न घटले तर ते कुटुंबच सोसते.

पण सेंद्रिय म्हणजे 'फवारणीच नाही' असे नव्हे. गंधक आणि बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, यांना मर्यादेत परवानगी असते. आणि साध्या वाईनमध्येही द्राक्षावरच्या औषधांचे बरेचसे अवशेष चोथा आणि गाळाबरोबर निघून जातात. सेंद्रिय बागेचा सर्वांत मोठा आरोग्यलाभ मिळतो तो रोज पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला, तिथल्या मातीला आणि विहिरीच्या पाण्याला. पार्ल्यात बसून ग्लास भरणाऱ्याला त्याचा वाटा फार थोडा मिळतो. सेंद्रिय वाईन जरूर त्या कारणासाठी विकत घ्या. हृदयासाठी नको.

सल्फाइटचा विषय येथेच संपवतो. वाईन खराब होऊ नये म्हणून सल्फाइट घालतात. युरोपच्या नियमांत कोरड्या रेड वाईनला लीटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, सेंद्रिय असेल तर १०० पर्यंत. आंबवताना यीस्ट स्वतःही थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे 'शून्य' हा दावा सहसा शब्दशः खरा नसतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने खरोखर त्रास होतो, छाती भरून येते. त्यांनी वाईनबरोबर गंधकाची धुरी दिलेले पिवळेधमक बेदाणे आणि केशरी जर्दाळू यांच्याकडेही लक्ष द्यावे, कारण त्यांत ते वाईनपेक्षा बरेच जास्त असू शकते. रेड वाईनने डोके दुखते त्याचा दोष बहुतेक जण सल्फाइटला देतात, पण व्हाइट वाईनमध्ये ते सहसा रेडपेक्षा जास्त असते. डोकेदुखीमागे हिस्टामिन, सालीतली इतर द्रव्ये आणि मुख्य म्हणजे अल्कोहोल असण्याची शक्यता अधिक.

एका ग्लासात किती?

द्राक्ष जितके गोड, तितके अल्कोहोल जास्त. रसात लीटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर एक टक्का अल्कोहोल होते. आपल्या उन्हात पिकलेल्या द्राक्षांची रेड वाईन त्यामुळे सहज १३ टक्क्यांच्या आसपास असते. सेंद्रिय असो वा नसो, यीस्टला फरक पडत नाही.

आता हिशेब करू. १३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलिलीटरचा ग्लास घेतला तर त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलीटरच्या लहान पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे "मी दारू घेत नाही, फक्त एक ग्लास वाईन घेतो" असे सांगणारा माणूस दीड पेग घेत असतो. घरातले वाईनचे ग्लास मोठे असतात. एकदा मोजपात्राने पाणी ओतून पाहा, तुमचा 'एक ग्लास' २०० च्या पुढे जाण्याची शक्यता बरीच आहे. अख्ख्या ७५० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असते, साडेसात लहान पेगांइतके.

वाईन किराणा सुपरमार्केटमध्ये विकू द्यावी की नाही यावरून २०२२ च्या जानेवारीत राज्यात मोठा वाद झाला. शेतकऱ्याच्या बाजूने आणि विरोधात जे बोलले गेले ते राजकारण्यांवर सोडतो. पण 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य त्या वेळी घराघरांत शिरले आणि आजही रुग्ण ते मला ऐकवतात. यकृताला हा फरक कळत नाही. गंमत म्हणजे आपल्या राज्याचा मद्यपरवानाही जुन्या दारूबंदी कायद्यामुळे 'आरोग्य टिकवण्यासाठी' या कारणाने दिला जातो. त्या कागदाला कृपया वैद्यकीय सल्ला समजू नका.

नुकसान नेमके कुठे

मद्यपेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत, टाकले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, एवढ्या जागी धोका वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, म्हणून आकडाही देतो. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरल यांनी प्रसिद्ध केलेला हिशेब असा: आठवड्याला एक ग्लासही न घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींना आयुष्यात मद्याशी संबंधित एखादा कर्करोग होतो. रोज एक घेणाऱ्यांत १९, रोज दोन घेणाऱ्यांत २२. आकडे अमेरिकेतले आहेत, पण दिशा कळते. वर्षातून दोनदा लग्नसमारंभात घेतलेल्या ग्लासाने आभाळ कोसळत नाही. 'औषध म्हणून रोज' घेतलेल्या ग्लासाचा हिशेब मात्र हळूहळू चढत जातो.

हृदयाचे म्हणाल तर मद्य रक्तदाब वाढवते, ट्रायग्लिसराइड वाढवते आणि ठोके बिघडवते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, असलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यातून पक्षाघाताचा धोका असतो. ऑस्ट्रेलियात अशा १४० नियमित पिणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पिणे चालू ठेवलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांत विकार पुन्हा उफाळला, थांबवण्यास सांगितलेल्यांत ५३ टक्के. नवीन गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त ग्लास खाली ठेवला. हृदयाला फायदा करणारी गोष्ट हवी असेल तर ती ही आहे.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलेले निम्मे लोक ते गंभीर मानतच नाहीत. वजन जास्त, साखर जास्त आणि त्यावर रोजची वाईन, हे तिन्ही एकाच यकृतावर पडतात. एका ग्लासात सव्वाशेच्या आसपास कॅलरीही असतात, म्हणजे एका पोळीहून जास्त.

गोळ्या घेत असाल तर हा भाग सोडू नका

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी वाईन घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ते पहाटे, झोपेतही होऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत, पण घरच्यांना ती 'चढली आहे' अशी वाटतात आणि ते त्याला झोपू देतात. मला सर्वांत काळजी याची वाटते. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरने साखर तपासा. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफरिन आणि ॲसिनोकुमेरॉल यांचा परिणाम मद्याने कमीजास्त होतो आणि आयएनआर बिघडतो. ॲस्पिरिनबरोबर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. झोपेच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला नको. पोटाच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना मद्य टाळायलाच सांगितले जाते, आणि गोळी संपल्यावरही दोन-तीन दिवस. क्षयरोगाची औषधे यकृतावर आधीच ताण टाकतात, त्या काळात एक थेंबही नको. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड दिले जाते. त्याच्याबरोबर रेड वाईनमधले टायरामिन आले तर रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. मुंबईत असे रुग्ण कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि हो, द्राक्षासव, द्राक्षारिष्ट, दशमूलारिष्ट. आपल्या घरांत भूक लागावी म्हणून किंवा बाळंतिणीला ही दिली जातात आणि "ते आयुर्वेदिक आहे" म्हणून डॉक्टरांना सांगितले जात नाही. आसव-अरिष्टे आंबवूनच बनतात. बाटली नीट वाचा, त्यात तयार झालेल्या अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेले असते. दोन चमचे हा ग्लासभर वाईनपेक्षा फार वेगळा मामला आहे, पण वरच्या औषधांपैकी काही चालू असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी विचारा. गरोदरपणात वाईन, कितीही सेंद्रिय असो, घेऊ नये.

मग करायचे काय?

आजवर घेत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. याबाबत माझे मत ठाम आहे. द्राक्षाच्या सालीतले गुण हवे असतील तर काळी द्राक्षे स्वच्छ धुऊन खा, मधुमेह असेल तर मोजून. "वाईन घेतो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसाआड केली" असे सांगणारे रुग्ण मला भेटतात. स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी यांच्यामागे हजारो रुग्णांवरच्या चाचण्या उभ्या आहेत. वाईनमागे तशी एकही नाही.

अधूनमधून घेत असाल आणि वर सांगितलेले कोणतेही कारण नसेल, तर आवड म्हणून घ्या, उपाय म्हणून नको. जेवणाबरोबर, मोजून, रोज नाही, आणि गाडी चालवायची असेल तेव्हा मुळीच नाही. नाशिकहून परतताना घाटात गाडी कोण चालवणार हे बागेत शिरण्याआधी ठरवा.

डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा. "कधीतरी" हे उत्तर आमच्या कामाचे नसते. आठवड्यात किती दिवस आणि किती मिलिलीटर, हे असते. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच सांगा. वडिलांसमोर मुलगा आणि मुलासमोर वडील हे बोलायला अवघडतात, हे दिसते. एकट्याने येऊन सांगितले तरी चालते, ते केसपेपरच्या बाहेर जात नाही.

रोज बरेच पिणाऱ्याने मात्र हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. अचानक थांबवल्याने हातांना कंप, भास, आकडी येऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. तसे प्रमाण असेल तर आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या मदतीने थांबवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि घरच्या माणसांनाही तिथे फोन करता येतो.